पुडीने गुण आला, पण पुडीत होतं काय?

गोधडी
माझी आई बार्शीला असते, वय ६४. तिला आमवात आहे. रक्त तपासून निदान झालेला, ऱ्हुमॅटॉइड. पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांचं औषध चालू होतं, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. फार छान चाललं होतं असं नाही, पण चाललं होतं. मग एकदा औषधाच्या दुकानातला मुलगा तिला म्हणाला, "काकू, ही तर कॅन्सरची गोळी." संपलं. डॉक्टरांनी तीन मिनिटांत सांगितलेलं सगळं त्या एका वाक्यापुढे फिकं पडलं.

शेजारच्या काकूंनी एका वैद्यांचा पत्ता दिला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे जीपा भरून लोक येतात. वैद्य नाडी धरतात, काही विचारत नाहीत, स्वतःच सांगतात, "गुडघे, मनगटं, सकाळी बोटं उघडत नाहीत." (आई आत गेली तीच मनगट चोळत, पण असो.) वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या, विटकरी रंगाची पूड, सकाळ-संध्याकाळ मधातून. वांगं, दही, हरभऱ्याची डाळ बंद. आणि इंग्रजी गोळ्या पूर्ण बंद, "नाहीतर गुण येणार नाही."

गुण आला. आठवड्याच्या आत! आई फोनवर सांगत होती, "आज पिठाचा डबा मीच उतरवला." भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. दोनेक महिन्यांनी मी गेले तर चेहरा गोल, गाल लाल, हातावर जागोजागी निळे डाग. साखर कधी नव्हती ती वाढलेली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पुड्या बघून डोक्याला हात लावला. हे ऐकून आईने घाबरून पुड्या एका दिवसात बंद केल्या, त्यांना न विचारताच. पाठोपाठ उलट्या, रक्तदाब खाली, सोडियम खाली, दवाखान्यात भरती. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासलं, जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टिरॉइड असणार, बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. आता तेच स्टिरॉइड गोळीतून, मोजून देतायत आणि हळूहळू कमी करतायत.

आता प्रश्न. एक, अशी पुडी आधीच ओळखता येते का? दोन, तक्रार करायची तर कुठे? आणि तीन, खरा अवघड: आई अजून म्हणते, "तुम्ही काही म्हणा, बरं मला त्याच्याच औषधाने वाटलं होतं." तिला काय सांगू?

हडपसरी
काळजी घ्या. अगदी हेच माझ्या मामाचं झालं, दम्यासाठी. पुडीचा रंग तेवढा काळा होता.

तिरकस
नाडी धरून मनगट दुखतं हे ओळखलं म्हणजे थोरच. मनगटच धरलं होतं ना.

उंबरठा
गोधडी, आईंचं चुकत नाहीये. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. स्टिरॉइडने सांध्यांची सूज झपाट्याने उतरते, भूक लागते, मूडही सुधारतो. "ते खोटं होतं" असं सांगू नका, पटणार नाही आणि ते खरंही नाही. "औषध लागू पडलं, पण त्याने ते तुझ्यापासून लपवलं" असं सांगून बघा.

माझ्या सासऱ्यांना हाच मुद्दा पटला होता. वैद्य चांगला की वाईट यावर ते वाद घालायचे, पण "मला न विचारता काय घातलं?" याचा त्यांना राग आला.

वैद्य_वैदेही
मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, प्रॅक्टिस करते, त्यामुळे हा धागा वाचताना त्रास होतोय. तरी लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नुसती बघून किंवा चाखून पुडी ओळखता येत नाही. पण काही गोष्टी बघा. आमच्याकडे आमवाताची चिकित्सा सावकाश चालते. लंघन (उपास), दीपन (भूक वाढवणं), एरंडतेल, बस्ती (औषधी एनिमा), मग पुढचं. चार-सहा दिवसांत वर्षानुवर्षांची सूज उतरली तर मी आनंद मानण्याआधी संशय घेईन. औषधाचं नाव लिहून द्यायला नकार, "आमच्या घराण्याचं गुपित आहे" हे उत्तर, आणि चालू औषधं एका दिवसात बंद करायला सांगणं, या तीनपैकी एक जरी दिसलं तरी उठून यावं.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. बाजारात विकायच्या आयुर्वेदिक औषधाला उत्पादनाचा परवाना लागतो. लेबलवर घटक, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक असावे लागतात. पण वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः औषध बनवलं तर त्याला हा परवाना लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. सूट योग्य हेतूने आहे. मीही काढे-चूर्णं बनवून देते. पण बिननावाची पुडी याच फटीतून बाहेर येते. आणि अर्थात, ही सूट वैद्याला आहे, आणि तीही आयुर्वेदिक औषधापुरती. त्यात डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड कुटून घालायचं नाही.

माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते मराठीत लिहिलेलं असतं. रुग्ण वाचत नाहीत, तो भाग वेगळा.

खडूस_कोथरूडकर
वैदेहीताई, शेवटच्या परिच्छेदाला +१. पण तुमच्यातलेच किती जण संध्याकाळी सलाईन लावतात तेही लिहा की.

वैद्य_वैदेही
लावतात. मी लावत नाही. प्रत्येक धाग्यावर सगळ्या व्यवसायाचा हिशोब माझ्याकडूनच का?

शेवग्याची_शेंग
आमच्याकडे पुडी नव्हती, यंत्र होतं. 😀

सोसायटीच्या हॉलमध्ये "संपूर्ण शरीर तपासणी, फक्त एक मिनिटात" असं शिबिर. एक लॅपटॉप, त्याला वायर, वायरीच्या टोकाला धातूची चकचकीत कांडी. ती मुठीत धरायची. पडद्यावर माणसाच्या आकृतीत रंगीत ठिपके फिरतात, खालची पट्टी भरत जाते आणि प्रिंटर पानांवर पानं ओकायला लागतो. यकृताची चरबी, हाडांमधलं कॅल्शियम, डोळ्यांचा थकवा, रक्तातलं शिसं, सगळं दशांशात. क्वांटम का काहीतरी नाव होतं.

बाबांचं नाव टाकताना त्या मुलीने चुकून "स्त्री" निवडलं. बाबा कांडी धरून गंभीर चेहऱ्याने बसलेले. रिपोर्ट आला: गर्भाशयाचं आरोग्य मध्यम, हार्मोन्सचं असंतुलन, काळजी घेणे. बाबांनी तो सगळ्या बिल्डिंगला वाचून दाखवला. पलीकडच्या टेबलावर पूरक आहाराचे डबे मांडले होते, त्यांचा खप त्या दिवशी जरा कमी झाला असावा.

टवाळखोर_टोपी
हसून हसून पुरेवाट. बाबांच्या गर्भाशयाची तब्येत आता कशी आहे?

शेवग्याची_शेंग
मध्यमच. 😀

कोकणकडा
कावीळ उतरवणाऱ्यांचा विषय निघाला नाही अजून? आमच्याकडे अजूनही एक बाई हात धुऊन कावीळ "उतरवते". हाताला कसलासा रस चोळते, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, पाणी पिवळंधमक होतं. लोक भांड्यात वाकून बघतात आणि माना डोलावतात. तो रस आंब्याच्या सालीचा असतो. चुन्याबरोबर पिवळा होणारच, कावीळ असो वा नसो. अंनिसवाले शाळेत दाखवायचे हा प्रयोग, आमच्या सरांनी वर्गात केला होता. सर ठणठणीत, पाणी पिवळं.

गंमत अशी की दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. श्रेय मिळतं बाईला. माझ्या चुलतबहिणीला गरोदरपणात झाली तेव्हा मात्र आत्याने भांडून तिला रत्नागिरीला नेलं. गरोदरपणातली कावीळ जीवघेणी होऊ शकते हे आत्याला माहीत होतं, कारण ती नर्स होती. नसती तर काय झालं असतं याचा विचार करत नाही.

रानवाटा
हे सगळं एकतर्फी चाललंय. मोठ्या हॉस्पिटलांमधली लूट दिसत नाही का कोणाला? कट प्रॅक्टिस, नको त्या तपासण्या, नको ते स्टेंट. अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टरही सर्रास स्टिरॉइड देतातच की. गोधडींच्या आईंनाही शेवटी स्टिरॉइडच चालू आहे! मग फरक काय? माझी पित्ताची जुनी तक्रार कामदुधा आणि पथ्याने गेली, तीही एका साध्या वैद्यांकडे. हजारो वर्षांचं शास्त्र चार भोंदूंमुळे मोडीत काढू नका.

गोधडी
रानवाटा, शास्त्र मोडीत काढायला धागा काढलेला नाही. फरक विचारलात म्हणून सांगते. आईच्या आत्ताच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव आहे, मिलिग्रॅम आहेत, कोणत्या तारखेला किती कमी करायची त्याचा तक्ता आहे आणि "स्वतःच्या मनाने बंद करू नये" असं लाल शाईत लिहिलंय. पुडीवर क्रिकेटची बातमी होती.

उंबरठा
👏

तिरकस
निदान स्कोअर तरी कळला.

वकील_बुवा
रानवाटा यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. चूक कोणत्याही पॅथीत होते आणि कायदा पॅथी बघत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल. मुंबईतला खटला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. न्यायालय म्हणालं, ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करायची गरज नाही. तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. नंतर राज्याराज्यांनी नियम बदलत नेले, आपल्याकडे होमिओपॅथीवाल्यांसाठी वर्षभराचा औषधशास्त्राचा कोर्सही आला आणि त्यावरून भांडणं चालू आहेत. पण चोरून स्टिरॉइड घालायची मुभा कुठल्याच नियमात नाही.

तक्रारीचं सांगतो.
आधी बघा की ते नोंदणीकृत आहेत का. महाराष्ट्रात आयुर्वेद आणि युनानीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. नोंदणी असेल तर तक्रार तिथे. नसेल तर तो बोगस डॉक्टर, १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली गुन्हा. अशांना शोधायला जिल्ह्यात समित्या असतात, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. पुडीतल्या भेसळीसाठी अन्न व औषध प्रशासन. "मधुमेह मुळापासून बरा", "संधिवात कायमचा घालवा" असे फलक किंवा पत्रकं असतील तर फोटो काढून ठेवा. औषधे आणि जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे, त्यात मधुमेह, कर्करोग अशा रोगांची यादीच आहे ज्यांच्या उपचारांची जाहिरात करता येत नाही. कायदा जुना, अंमलबजावणी विनोदी. तरी कागद करावाच.

उरलेल्या पुड्या फेकू नका. तशाच बांधलेल्या, कोरड्या डब्यात ठेवा.

बे_एरिया_बंडू
स्टिरॉइडच नाही, धातूंचंही बघा. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांमधून ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली होती, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आलं होतं. आमच्या इकडच्या डॉक्टरीणबाई भारतीय पेशंट दिसला की पहिला प्रश्न विचारतात, "इंडियाहून काही पावडर आणली आहे का?" आधी अपमान वाटायचा. माझ्या रूममेटच्या पोटदुखीचं कारण शिसं निघालं तेव्हापासून वाटत नाही. देशातून येणाऱ्या प्रत्येकाकडून तो "शक्तीची" भस्मं, म्हणजे धातू जाळून केलेली पूड, मागवायचा.

रानवाटा
शुद्ध केलेलं भस्म आणि कच्चा धातू यात फरक असतो. शोधन-मारण (धातू शुद्ध करून जाळणं) नीट झालं तर दोष राहत नाही.

वैद्य_वैदेही
नीट झालं तर. ते नीट झालंय हे रुग्णाला कसं कळणार, हाच प्रश्न आहे. मी भस्मं फक्त परवानाधारक कंपनीची वापरते, तीही मोजून आणि थोड्या काळासाठी, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना नाहीच.

पेरूची_फोड
गुळवेल विसरू नका. करोनाच्या काळात आमच्या घरी रोज काढा, ग्लासभरून. यजमानांना आधीपासून थायरॉइडचा स्वप्रतिकारशक्तीवाला (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) त्रास आहे. डोळे पिवळे झाले, यकृताचे आकडे भलतेच. डॉक्टरांनी पहिल्यांदा काढाच बंद केला. त्याच सुमारास मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी असेच सहा रुग्ण नोंदवल्याचं पेपरात आलं होतं. आयुष मंत्रालयाने तेव्हा गुळवेलीची बाजू घेतली होती. खरं-खोटं शास्त्रज्ञ बघतील, आमच्या घरी वेल कुंपणावरच बरी.

मोरपीस
गोधडी, तुमच्या आईंबद्दल वाचून राहवलं नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याचा श्वासाचा पंप एका होमिओपॅथी डॉक्टरीणबाईंनी बंद करायला लावला. स्वभावाने इतक्या गोड की काय सांगू. पहिल्या भेटीत दीड तास बोलल्या. त्याला कशाची भीती वाटते, पंखा लागतो का, रागावला की काय करतो, मी गरोदर असताना काय मनःस्थिती होती. कुठल्याच डॉक्टरने मला आजवर एवढं विचारलं नव्हतं. मी तर रडले तिथे.

मग त्याचा खोकला वाढला. "वाढू दे, औषध काम करतंय, आधी बाहेर पडतं मग बरं होतं." पुन्हा वाढला. तेच उत्तर. एके रात्री त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या, बोलता येईना. नेब्युलायझर, ऑक्सिजन, दोन रात्री दवाखान्यात. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "तुम्ही मध्येच दाबून टाकलंत, आता पुन्हा पहिल्यापासून."

मला आजही राग गोळ्यांचा येत नाही, साखरच ती. राग या वाक्याचा येतो. बरं झालं तर त्यांचं औषध, बिघडलं तर लक्षण चांगलं, आणि भरती केलं तर आईची चूक. यात त्या चुकतात असं कधी होणारच नाही अशी सोय आहे.

हडपसरी
मोरपीस, अगदी. मामालाही हेच ऐकवलं होतं, "तुम्ही पथ्य मोडलं असणार." त्याने लग्नात एक भजी खाल्ली होती.

खडूस_कोथरूडकर
पथ्य ही फार हुशार व्यवस्था आहे. वांगं, दही, डाळ, आंबट, तळलेलं बंद. दोन महिन्यांत एकदा तरी मोडणारच. मोडलं की वैद्य सुटला.

वैद्य_वैदेही
पथ्याला कारणं असतात हो. पण असा वापर होतो, हे नाकारत नाही.

टवाळखोर_टोपी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पथ्यात चालतात ना?

उंबरठा
मोरपीस यांच्या "दीड तास" वर थांबूया जरा. गोधडींच्या आईंना तज्ज्ञांनी तीन मिनिटं दिली. मेथोट्रेक्सेट हे कर्करोगातही वापरतात, पण तिथे मात्रा कितीतरी जास्त असते आणि आमवातात आठवड्याला एकदाच, थोड्या मात्रेत देतात, एवढं कोणीतरी बसून सांगितलं असतं तर दुकानातल्या मुलाचं वाक्य चाललं नसतं. पुडीवाल्याकडे गर्दी का होते ते यात आहे. त्याच्या ओसरीवर माणसं तासन्‌तास बसतात, एकमेकींना गुडघे दाखवतात, डबे उघडतात. आमच्या सासूबाईंना त्या फेऱ्या आवडायच्या.

गोधडी
उंबरठा, हो. आई जीपमधल्या बायकांची नावं अजून काढते.

सगळ्यांचे आभार. थोडं पुढचं सांगते. वकीलबुवांनी सांगितलं तसं केलं. काउन्सिलकडे चौकशी केली, त्या नावाने नोंदणी सापडली नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. औषध प्रशासनात भेटलेले अधिकारी सरळ बोलले. म्हणाले, तुम्ही घरी ठेवलेल्या जुन्या पुड्यांवर केस उभी राहणं कठीण. वैद्य म्हणणार, ही माझी नाहीच, किंवा तुम्हीच काही मिसळलं. त्यांना स्वतः जागेवर जाऊन नमुना घ्यावा लागेल. कधी जाणार ते सांगितलं नाही.

आईला "लपवलं" हा मुद्दा सांगितला. गप्प बसली. मग म्हणाली, "लिहून दिलं असतं तर मी घेतलंच नसतं, म्हणून नाही दिलं त्याने." त्यावर मी काही बोलले नाही.

अडलंय ते शेजारच्या काकूंवर. त्यांच्या पुड्या चालूच आहेत. त्यांचं म्हणणं, "तुझ्या आईला सोसलं नाही, मला सोसतंय." चेहरा त्यांचाही गोल दिसायला लागलाय. जोर करून बंद करायला सांगावं तर आईसारखं व्हायची भीती.

वैद्य_वैदेही
बंद करायला अजिबात सांगू नका! आधी डॉक्टर, मग कमी करणं. तोवर पुडी चालू राहिली तरी चालेल, हे मी वैद्य असून लिहितेय. पुडीबद्दल वादच घालू नका त्यांच्याशी. साखर, रक्तदाब आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल, एवढं करून घ्या. आणि ताप, उलट्या, कुठलं ऑपरेशन असं काही झालं तर तिथल्या डॉक्टरांना पुडीचं आवर्जून सांगायचं, हे त्यांच्या मुलांच्या कानावर घाला.

वकील_बुवा
आणि जमलं तर त्या पुढच्या वेळी कधी जाणार आहेत तो दिवस औषध प्रशासनाला कळवा. वैद्य अमुक वारी बसतो एवढं कळलं तरी त्यांचं काम सोपं होतं.

गोधडी
ते माहितीये, गुरुवारी आणि अमावास्येला. कळवते. रक्ताचं त्यांच्या सुनेशी बोलले आत्ताच. सोमवारी आईचं तपासायला जायचंच आहे, दोघींना एकाच रिक्षातून नेते. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, उपाशीपोटी यायचं असेल तर परत येताना इडली हवी.